जीपचे पेट्रोल कुठे अडते?

घाट लागल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे जुनी पेट्रोल जीप नीट चढते. मग एखाद्या वळणावर ती झटके देऊ लागते, पिकअप घेईनाशी होते, कार्बोरेटरमधून दोन-तीनदा बॅक मारते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबून सेल्फ मारला की लगेच सुरू होते आणि थोड्या अंतरावर पुन्हा तेच. अशा गाडीचे बॉनेट उघडले की पाना बहुतेक वेळा आधी कार्बोरेटरकडे वळतो. जेट काढून फुंकले जातात, फ्लोटची पत्ती वाकवली जाते, मिक्श्चरचा स्क्रू इकडेतिकडे फिरतो. तेवढ्यात गाडी गार झालेली असते, त्यामुळे ती सुरू होते आणि श्रेय कार्बोरेटरच्या सफाईला मिळते. पुढच्या रविवारी त्याच घाटात ती पुन्हा उभी राहते, आणि आता मूळ बिघाडाच्या जोडीला बिघडलेले मिक्श्चरही असते.

इंधनाच्या तक्रारीत कार्बोरेटर सर्वांत शेवटी उघडावा, असे माझे ठाम मत आहे. तो वाटेच्या टोकाला बसलेला आहे. टाकीच्या झाकणापासून पंपापर्यंत कुठेही काही अडले तरी त्याचा परिणाम त्याच्याच तोंडी दिसतो, म्हणून दोषही त्याच्यावर येतो. खरा दोष शोधायचा तर पेट्रोल ज्या वाटेने येते ती वाट मधोमध तोडून पाहावी लागते: इथपर्यंत पेट्रोल नीट पोचते का? पोचत असेल तर मागचे सगळे सुटले, पुढे शोधायचे. पोचत नसेल तर उलट.

विलीज जीपवर हे काम शिकणे फार सोयीचे आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात बनलेल्या विलीज एमबीला २,१९९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे 'गो-डेव्हिल' इंजिन होते. १९५३ साली आलेल्या सीजे-३बीला तेवढ्याच क्षमतेचे 'हरिकेन' मिळाले. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटही उंच करावे लागले, आणि तीच उंच बॉनेटची जीप महिंद्राच्या गाड्यांमधून आपल्या ओळखीची झाली. इंजिन बदलले तरी इंधनाची व्यवस्था जवळपास तशीच राहिली. चालकाच्या सीटखाली टाकी, चेसिसला धरून येणारा धातूचा पाईप, चेसिस आणि इंजिन यांना जोडणारी एक लवचीक नळी, ब्लॉकवर बसवलेला डायफ्रामचा पंप, त्यापुढे एक छोटा पाईप आणि कार्बोरेटर. यात एकही सेन्सर नाही. प्रत्येक भागाची तब्येत डोळ्यांनी, कानांनी आणि नाकाने कळते.

या वाटेतला पंप आधी समजून घ्यायला हवा. आपल्या गॅरेजांत त्याला एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा पंपाची दांडी हलवतो, दांडी डायफ्राम खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल आत येते. डायफ्राम वर ढकलण्याचे काम मात्र कॅम करत नाही, ते पंपातली स्प्रिंग करते. कार्बोरेटरची वाटी भरली आणि नीडलने तोंड बंद केले की पेट्रोलला जायला जागा उरत नाही. डायफ्राम खालीच थांबतो आणि दांडी नुसती हलत राहते. म्हणजे पुढे किती दाब जायचा ते स्प्रिंग ठरवते. या पंपांत तो साधारण दोन ते चार पौंडांच्या आत असतो. स्प्रिंग ढिली पडली तर दाब कमी होतो. दांडीचे टोक झिजले तर डायफ्राम पुरता खाली येत नाही आणि पेट्रोलचे माप कमी होते. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पंपामुळे सगळ्या वाटेचे दोन भाग पडतात: टाकीपासून पंपापर्यंत ओढीची बाजू आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत दाबाची बाजू. दाबाच्या बाजूला भोक पडले तर पेट्रोल बाहेर गळते, वास येतो, डाग दिसतो. ओढीच्या बाजूला भोक पडले तर चालत्या गाडीत बाहेर एक थेंबही येत नाही; उलट बाहेरची हवा आत जाते. पंपाला पेट्रोलपेक्षा हवा ओढणे सोपे, म्हणून तो हवाच ओढत राहतो. सगळे कोरडे आणि स्वच्छ दिसते आणि गाडी मात्र उपाशी राहते. जुन्या जीपमध्ये दिवसचे दिवस न सापडणारे दोष बहुतेक याच बाजूला निघतात.

पण त्याआधी, तक्रार खरोखर पेट्रोलची आहे का? गरम झालेला कंडेन्सर किंवा कॉइल अगदी हाच खेळ करते: गाडी तापली की बंद, गार झाली की चालू. फरक बंद पडण्याच्या पद्धतीत असतो. करंट गेला की इंजिन स्विच बंद केल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडले की ते आधी कुरकुरते, मिसिंग करते, ओढ कमी होते आणि मग मरते. तशा वेळी चोक थोडा ओढून पाहावा. ओढल्यावर इंजिन सावरले तर त्याला पेट्रोल कमी मिळते आहे. अधिकच गुदमरले आणि काळा धूर आला तर पेट्रोल जास्त होते आहे. गाडी बंद पडल्याक्षणी, सेल्फ न मारता, एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या घशात पाहावे आणि हाताने थ्रॉटल झटक्यात उघडावा. ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार दिसली तर वाटीत पेट्रोल आहे, मग प्लग आणि पॉइंटकडे वळावे. धार नसेल तर बहुधा वाटीच रिकामी आहे.

टाकीत पेट्रोल आहे का, हेही पाहावेच. इतक्या जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. स्वच्छ लाकडी पट्टी बुडवून खात्री करावी. जीप तीव्र चढावर किंवा एका कुशीवर कलली की उरलेले पेट्रोल टाकीच्या एका बाजूला जाते आणि ओढणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडते. केवळ चढावरच, आणि टाकी पाव भागापेक्षा रिकामी असतानाच गाडी अडत असेल, तर काहीही उघडण्याआधी टाकी भरून तोच चढ पुन्हा चढावा.

यानंतरची तपासणी फुकटची आहे: टाकीचे झाकण. टाकीतून जितके पेट्रोल जाते तितकी हवा आत यायला हवी. झाकणातले श्वासाचे बारीक छिद्र धुळीने बुजले, किंवा हरवलेल्या झाकणाच्या जागी कुणी बिनछिद्राचे बसवले, तर टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो. पंधरा-वीस मिनिटांत पंपाची ओढ त्यापुढे हरते. गाडी थांबल्यावर फटींतून हवा झिरपते आणि ती पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे. 'स्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला.

आता वाट तोडायची. त्याआधी सुरक्षिततेचे चार शब्द, आणि ते वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. इंजिन गार होऊ द्यावे, काम उघड्यावर करावे, पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे, कॉइलची मुख्य वायर काढून ठिणगी उडणार नाही अशी बांधावी. आणि टाकीतले पेट्रोल नळी तोंडाने ओढून काढू नये. आपल्याकडे ही सवय सर्रास दिसते. पेट्रोलचा घोट पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोल जास्त घातक असते. त्याने होणारा न्यूमोनिया जीव घेऊ शकतो. स्वस्तातला हातपंप मिळतो, तो वापरावा.

पहिला छेद कार्बोरेटरपाशी. तिथला पाईप सोडून त्याला नळी लावावी, तिचे टोक धातूच्या डब्यात सोडावे आणि सेल्फ मारावा. पंप ठीक असेल आणि मागची वाट मोकळी असेल तर भरगच्च, एकसारखे ठोके देत पेट्रोल येते. कॉइलची वायर परत जोडून, इंजिन आयडलवर चालते ठेवून मोजायचे तर मिनिटाला अर्धा लिटर हे बऱ्यापैकी माप आहे. वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालते, तेवढ्यात अंदाज घेता येतो. धारेत बुडबुडे दिसले तर ओढीच्या बाजूने हवा येते आहे. सुरुवातीला जोरात येऊन धार बारीक होत गेली तर मागे काहीतरी अडते आहे. भरपूर येत असेल तर, आणि तरच, कार्बोरेटरकडे बोट दाखवावे.

धार कमी असेल तर दुसरा छेद पंपाच्या अलीकडे. टाकीकडून येणारी नळी सोडून बंद करावी आणि पंपाला एका स्वच्छ कॅनमधून थेट पेट्रोल ओढू द्यावे. कॅन सीटजवळ ठेवून गाडी फिरवायचा मोह होतो, तो टाळावा. उभ्या गाडीवर रेस देऊन पाहणे पुरे. कॅनमधून पंप भरभरून देतो आणि टाकीतून देत नाही, एवढे कळले की अर्धी गाडी निर्दोष सुटली. मला ही तपासणी सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच राहत नाही.

मग उरते टाकी, पाईप आणि नळी. चेसिस आणि पंप यांमधली लवचीक नळी सर्वांत आधी बदलावी, ती वरून कितीही चांगली दिसली तरी. जुने रबर आतून फुगते आणि त्याचा पापुद्रा सुटतो. पंप ओढतो तेव्हा तो पापुद्रा वाट बंद करतो आणि ओढ थांबली की पुन्हा जागेवर जातो. नळी सोडून फुंकून पाहिली तर मोकळीच वाटते. धातूचा पाईप क्लिपखाली गंजतो, जिथे चिखल ओला राहतो. क्लिप सोडल्याशिवाय ते भोक दिसत नाही.

टाकीतल्या गंजाचे वागणे बंद झाकणासारखेच असते, म्हणून इथे फसगत होते. गंजाचे कण आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर ओढीबरोबर नळीच्या तोंडाशी येऊन बसतात. गाडी थांबली की खाली सुटतात. झाकण सैल ठेवूनही गाडी बंद पडत असेल तर संशय इथे घ्यावा. पाईप पंपापासून सोडून, टाकीचे झाकण काढून, पायपंपाने हलकी हवा उलटी टाकीकडे सोडावी. टाकीत बुडबुडल्याचा आवाज यायला हवा. अडून अडून आवाज आला, मग एकदम मोकळा झाला आणि गाडी काही किलोमीटर छान चालून पुन्हा अडली, तर टाकी खाली उतरवून धुण्याला पर्याय नाही. एकावर एक प्लास्टिकचे फिल्टर लावत जाण्याची पद्धत मला पसंत नाही. प्रत्येक फिल्टर ओढीच्या बाजूला थोडा अडथळा वाढवतो, आणि गंज टाकीत तसाच राहतो. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून घाबरूही नये. धार पुरी असेल तर तो तसा दिसणे चालते.

पंपच दोषी निघाला तर त्याच्या खुणा बघाव्यात. डायफ्राम फाटला की पेट्रोल पंपाच्या खालच्या छिद्रातून गळते किंवा इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर गाडी त्या क्षणापासून चालवू नये. व्हॉल्व्हखाली कचरा बसला तर रात्रभरात पेट्रोल टाकीकडे परत जाते आणि सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. काही जीपांच्या पंपाला दोन मजले असतात: एक पेट्रोलचा, दुसरा वायपरसाठी व्हॅक्यूम तयार करणारा. हा दुसरा डायफ्राम फाटला तर इंजिन त्यातून ऑइल ओढते आणि निळा धूर येतो. पिस्टन रिंग गेल्या असे समजून इंजिन उघडण्याआधी व्हॅक्यूमची नळी सोडून इंजिनकडचे तोंड बंद करून पाहावे.

यातले काहीच सापडले नाही आणि गाडी फक्त मे महिन्यात, फक्त घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतानाच अडते, तर वेपर लॉकचा विचार करावा. उंच डोंगरावर उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, कारण हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. पेट्रोलचेही तसेच. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो. त्यात पंपाची ओढ नळीतला दाब आणखी खाली आणते, आणि एक्झॉस्टजवळून जाणारा पाईप तापलेला असतो. पेट्रोल नळीतच उकळते आणि पंपाला वाफ पंप करता येत नाही. पंपावर आणि पाईपवर ओले फडके टाकून दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्के. पाईप एक्झॉस्टपासून दूर न्यावा, मध्ये पत्र्याचा आडोसा लावावा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला तर बरीचशी वाट ओढीची न राहता दाबाची होते, म्हणून तो उपयोगी पडतो. मात्र त्याचा दाब जुन्या नीडलला सोसेल इतकाच हवा, आणि अपघातात इंजिन थांबले की पंप आपोआप बंद पडेल अशी सोय हवी.

गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर ती गोष्ट निराळी. तिथे कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली सांडलेले असते, म्हणजे इंजिन उपाशी नसते, तुडुंब असते. चोक न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ते सुटते.

या सगळ्यावर आता इथेनॉलचा थर चढला आहे. २०२५ सालापर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रुळले. आपल्या साखर कारखान्यांत उसाच्या मळीपासून आणि रसापासून गाळले जाणारे इथेनॉल जीपच्या टाकीत पोचले. १९५०च्या दशकातली रबरे, डायफ्राम आणि वॉशर त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल टाकीच्या भिंतीवरचा जुना थर सोडवते, म्हणून वर्षानुवर्षे शांत बसलेला कचरा एकदम वाहू लागतो. ते पाणी शोषते; पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या जीपमध्ये पाणी वाढत गेले तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि ओढणाऱ्या नळीचे तोंडही तिथेच असते. काचेच्या बरणीत टाकीच्या तळाचे पेट्रोल घेऊन तासभर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर सगळे काढून टाकावे.

आणखी एक परिणाम निदान करणाऱ्याला हमखास चकवतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिश्रणाला ती साधारण साडेतेरा किलो लागते. जुना जेट मात्र पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो, म्हणून इंजिनाला मिश्रण पातळ मिळते आणि सगळी लक्षणे पेट्रोल अडल्याची दिसतात. डब्यात धार भरपूर, झाकण मोकळे, फ्लोटची पातळी बरोबर, तरी चोक किंचित ओढल्यावरच गाडी खुलते, असे असेल तर पुरवठा निर्दोष आहे. तिथे एक माप मोठा जेट लावून पाहावा आणि नळ्या, डायफ्राम इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

कार्बोरेटर उघडण्याची वेळ आलीच तर आत पाहण्यासारखे फार थोडे असते. नीडलखाली कण अडकला तर पेट्रोल वाहते. पितळी फ्लोटला सूक्ष्म भोक पडले तर तो बुडतो आणि वाटी भरून सांडते. कानाशी हलवला की आतले पेट्रोल ऐकू येते. जेट तारेने टोचू नयेत, मापाचे छिद्र मोठे होते. हवेने साफ करावेत.

महाराष्ट्रात आजही फिरणाऱ्या जुन्या जीपांपैकी बऱ्याच डिझेलच्या आहेत. एमएम ५४० मधले २,११२ सीसीचे प्यूजो इंजिन अनेकांच्या परिचयाचे असेल. तिथे कार्बोरेटर नाही, ठिणगी नाही, पण ओढीच्या बाजूचा नियम तोच, किंबहुना जास्त कडक. हवेचा बुडबुडा दाबला जातो आणि इंजेक्टर उघडतच नाही. गाडीने एअर धरली की हातपंपाने फिल्टरच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल काढावे, मग इंजेक्शन पंपाच्या स्क्रूतून, आणि शेवटी इंजेक्टरचे नट किंचित सैल करून सेल्फ मारावा. तिथल्या दाबाची धार कातडीत शिरते, हात दूर ठेवावा. दर दोन दिवसांनी एअर काढावी लागत असेल तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी बसवून इंजिन चालू ठेवावे. बुडबुडे दिसले की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत मागे जावे: फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग, तांब्याचे वॉशर, हातपंपाची दांडी, नळीची क्लिप, चेसिसवरचा पाईप. ज्या जोडाला ग्रीस थापल्यावर बुडबुडे थांबतात, तोच जोड खोलायचा.